एका मापानं मोठी

घंटी वाजवून तुमचं लक्ष वेधावं, तर मला घंटीच नाही. तेव्हा चेन जराशी करकरवते, तेच माझं घसा खाकरणं समजा. मी एक सायकल आहे. डोंगरातली. अंग पोलादाचं, रंग मोहरीचा, चाकं रुंद. पाठीवर संसार बांधून चार-चार दिवस आडवाटेनं हिंडायचं, हे माझं काम. आता वय झालंय, पण बोलायची हौस गेलेली नाही.

माझा जन्म एका वेल्डरच्या हातून झाला. त्या दिवशी त्याला सडकून सर्दी झाली होती. नळीला नळी जोडली की तो नाक पुसायला थांबायचा, मग पुढच्या जोडाकडे वळायचा. त्यामुळे माझे सगळे जोड सावकाश झाले आणि पक्के झाले. त्या सर्दीचे उपकार मी अजून विसरलेले नाही. मग रंग लागला, आणि एका मुलीनं सीटखालच्या नळीवर एक चिकटपट्टी दाबून बसवली. तिच्यावर माझं माप होतं: मोठं. लोकांचं नशीब कपाळावर लिहिलेलं असतं म्हणतात. माझं सीटखाली लिहिलं गेलं.

दुकानात मला पुढच्या चाकानं आकड्याला टांगलं. तिथं मी दोन वर्षं लटकत होते. गिऱ्हाइकं यायची, माझ्याकडे बघायची आणि शेजारणीकडे वळायची. माझी उजवीकडची शेजारीण कार्बनची होती. एका बोटानं उचलता यायची, आणि आपल्याला एका बोटानं उचलतात हे ती दिवसातून दहा वेळा सांगायची. पण सामानाचा पट्टा अंगाला घासेल या विचारानंसुद्धा तिला शहारे यायचे. डावीकडची दोन्ही बाजूंनी स्प्रिंगवाली होती. खड्ड्यातून पाण्यासारखी जायची, यात शंका नाही. मात्र तिच्या पोटात इतकी यंत्रं होती की पाण्याची एक बाटली ठेवायलासुद्धा जागा नव्हती. या दोघींसमोर मी म्हणजे लग्नात नटूनही कुणी न बघितलेली मावशी.

दुकान चालवणारी बाई स्वतःच मेकॅनिक होती. पाना दातात धरून बोलायची, तरी तिचा शब्द न् शब्द कळायचा. एके दिवशी तिच्याकडे एक गृहस्थ आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, खिशाला दोन पेनं, हातात वही. औषधांचं दुकान होतं त्यांचं. त्यांना डोंगरात चार दिवसांची फेरी करायची होती आणि तिच्याजोगी सायकल हवी होती.

पुढचे तीन महिने ते दर रविवारी येत राहिले. वहीत रकाने आखलेले असायचे. चढाला सगळ्यात हलका गिअर कोणता? ब्रेक तारेचा की तेलाचा? तार तुटली तर रस्त्यात बदलता येईल ना? चाक किती रुंद बसेल? अंगाला पिशव्या आणि बाटल्या बांधायला भोकं किती आहेत? माझी भोकंसुद्धा त्यांनी मोजली. अकरा. ती मलाही माहीत नव्हती.

खरं सांगायचं तर, त्या वहीत मी पहिली आले. ओझं घेऊन चढायला माझा गिअर सर्वांत हलका, पोटातला त्रिकोण पूर्ण मोकळा, ब्रेक तारेचे, आणि मोडलेच तर पोलाद कुठल्याही लोहाराकडे जोडता येतं. एकाच रकान्यात त्यांनी खोटं लिहिलं होतं, आणि तो रकाना माझा नव्हता.

"तुमची उंची किती?" बाईंनी पाना काढून विचारलं.

"पावणेसहा फूट."

बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सायकल मधे घेऊन उभे राहा. नळीच्या वर दोन बोटं मोकळी राहायला हवीत."

ते उभे राहिले. दोन बोटं काय, तीन राहिली.

"टाचा टेकवल्यात ना?"

"टेकवल्यात की."

टाचा टेकलेल्या नव्हत्या. पँट लांब होती, त्यामुळे बाईंना दिसलं नाही. मला दिसलं. औषधवाले मला मधे घेऊन चवड्यांवर उभे होते, आणि त्यांचा चेहरा तर बक्षीस घ्यायला स्टेजवर चढल्यासारखा. बाई म्हणाल्या, "मधलं माप मागवते, तीन आठवडे लागतील. ते तुम्हाला जास्त बरं पडेल." ते म्हणाले, "छे, हेच माझं माप." आता तुम्ही म्हणाल, तू तेव्हा गप्प का बसलीस? दोन वर्षं आकड्याला लटकून बघा, मग विचारा.

घरी गेल्यावर त्यांच्या बायकोनं मला दारातच अडवलं. या वहिनी मिश्कील होत्या. "छान आहे. पण बरोबर कोण येणार? मला रात्री गादी लागते." मग थोडं थांबून, भांडं पुसता पुसता त्या सहज म्हणाल्या, "ताईंना विचारा की."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून शिवणकामाचं दुकान चालवणारी. पूर्वी दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. पण आदल्या वर्षी आई गेली, आणि तेव्हापासून दोघं फार सभ्यपणे वागू लागले होते. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "जेवलास?" "जेवलो." एवढंच. भावंडं इतकी सभ्य झाली की समजावं, काहीतरी बिनसलंय.

तरी ताई हो म्हणाल्या. वहिनींनी आपल्या चुलतभावाची एक निळी सायकल त्यांच्यासाठी मागून आणली. माझ्यासाठी पिशव्या शिवायच्या होत्या, म्हणून मला ताईंच्या दुकानात नेलं. ताई उंच, हाडापेरानं मजबूत, गळ्यात कायमची टेप. त्यांनी माझ्या पोटातल्या त्रिकोणाला खाकी कागद लावला, खडूनं रेघा मारल्या आणि कातरला. मग भावाला म्हणाल्या, "बस बघू हिच्यावर."

ते बसले. ताईंनी एकदाच पाहिलं.

"छोट्या, ही तुला ढगळ होतेय."

हे त्यांचं घरातलं नाव, आणि ते त्यांना मुळीच आवडत नसे. "सायकल म्हणजे काय शर्ट आहे का, ढगळ व्हायला?"

"शर्ट ढगळ झाला तर माणूस पडत नाही," ताई म्हणाल्या आणि मशीनवर बसल्या. जाड कापडाची त्रिकोणी पिशवी त्यांनी अशी शिवली की माझ्या पोटात ती जन्मापासून असावी. सामान बांधायला आठ पट्टे केले, दोन-दोन हात लांब, कडांना तिहेरी शिवण.

निघायच्या दिवशी सकाळी चित्र असं होतं: औषधवाले माझ्यावर, हात लांबवून, जणू पलीकडच्या फळीवरची बरणी काढतायत. ताई त्या लहानशा निळीवर, गुडघे हँडलला टेकलेले. गल्लीतल्या प्रत्येकाला दिसत होतं काय करायला हवं ते. वहिनी म्हणाल्यासुद्धा, "अहो, अदलाबदल करून बघा ना."

"मी सगळं माझ्या मापानं लावून घेतलंय," औषधवाले म्हणाले.

मग निघालो. पहिला दिवस मजेत गेला. औषधवाल्यांच्या सामानात पोट बिघडलं तर घ्यायच्या तीन तऱ्हेच्या गोळ्या, त्या गोळ्यांनी अपाय झाला तर घ्यायची चौथी, दोन विजेऱ्या आणि तिसरी त्या दोन विजेऱ्या शोधायला. ताईंकडे एक स्वेटर, एक भांडं, सुईदोरा. चढ आला की औषधवाले वहीत पाहून सांगायचे, अजून किती मीटर. ताई म्हणायच्या, "डोंगर दिसतोय मला." तळ्याकाठी मुक्काम केला. दोघांनी चहा केला, एकाच भांड्यातून प्यायले आणि हवेविषयी बोलले. हवा चांगली होती, हे त्यांनी तीन वेळा मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाणीच्या जुन्या वाटेला लागलो. खाण बंद पडून वर्षं झाली होती. वाट एका अंगाला डोंगराला टेकलेली, दुसऱ्या अंगाला उतार, खाली खडे न् झुडपं. उताराला लागलो तसे दगड सुटे झाले. औषधवाल्यांनी ब्रेक दाबले. मी थांबले, माझं काम मी चोख केलं. थांबल्यावर माणूस काय करतो? पाय टेकवतो. त्यांनी उताराच्या बाजूचा पाय खाली सोडला. तो खाली गेला, आणखी खाली गेला आणि कुठंच लागला नाही.

मी आडवी पडले ती वाटेवरच. ते मात्र घसरत गेले. आधी खड्यांचा आवाज, मग झुडूप मोडल्याचा आवाज, मग काहीच नाही.

ताई पुढं होत्या. त्या निळीला तिथंच टाकून धावत आल्या. "छोट्या!"

दोन माणसांच्या उंचीइतकं खाली एका झुडपाला ते अडकले होते. त्याच्या खाली झुडूप नव्हतं, फक्त उतार होता, आणि तो खालच्या ओढ्यापर्यंत सरळ जात होता. डावं मनगट विचित्र वळलं होतं. "ताई, हे मुळापासून हलतंय," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

ताईंनी रडारड केली नाही. इकडंतिकडं पाहिलं. फोनला रेंज नव्हती, वाटेला माणूस नव्हता. मग त्यांनी माझ्या अंगावरून सामान ओरबाडून काढलं आणि आठही पट्टे एकमेकांना गाठ मारून जोडले. वाटेच्या कडेला दोन मोठे दगड होते, मधे फट. त्यांनी मला उचललं आणि त्या दोन दगडांमागं आडवी अडकवली, पुढचं चाक एकाला, मागचं दुसऱ्याला. निळी असती तर फटीतून निसटली असती. मी एका मापानं मोठी, म्हणून बरोबर अडकले. पट्ट्याचं टोक माझ्या मधल्या नळीला बांधलं आणि दुसरं खाली सोडलं.

"उजव्या हाताला वेढा घे. दात लाव हवं तर. मी ओढते."

माझ्यावर ओझी खूप पडलीत. पण ते ओझं वेगळं होतं. नळ्या कण् कण् वाजल्या. एकेक जोड आठवला मला, आणि सर्दीनं बेजार झालेला तो वेल्डरही. ताई पाय रोवून मागं झुकल्या होत्या, पट्टा तळहातात रुतत होता. औषधवाले गुडघ्यांवर, एका हातावर, इंच इंच वर आले. शेवटी त्यांची कॉलर ताईंच्या हाती लागली. दोघं वाटेवर पडून राहिले, आभाळाकडे तोंड करून. कुणाचाच श्वास जागेवर नव्हता.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "ताई, मी साडेपाच फूट आहे."

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या. "तुझ्या लग्नाचा सूट मी शिवलाय."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले होते. ढगळ होतेय म्हणाले ना. तुला ऐकायचं नव्हतं."

औषधवाले हसायला लागले. हसता हसता मनगट दुखलं, म्हणून कण्हले. ताईंनी स्वेटरची बाही कापून मनगट आवळून बांधलं, वहीचे पुठ्ठे फाडून दोन्ही बाजूंनी लावले. वही अशी कामाला आली. बांधता बांधता, वर न बघता, त्या म्हणाल्या, "आईच्या वेळी पण तू असंच केलंस. कुठलं हॉस्पिटल, कुठला डॉक्टर, कधी भेटायचं, सगळे रकाने तूच भरलेस. मला एकदा विचारायचं होतंस."

मला वाटलं, आता पुन्हा ते सभ्य होतील. पण ते झाले नाहीत.

"विचारलं असतं, तर तू म्हणाली असतीस, तिला घरी आणू या," ते म्हणाले. "आणि तेच बरोबर होतं. मला कळत होतं, ताई. म्हणूनच नाही विचारलं. घरी आणली असती तर ती जाणार हे मला मान्य करावं लागलं असतं. तिकडं निदान रोज नवीन औषध होतं."

ताईंचे हात थांबले. त्यांनी गाठ सोडली आणि पुन्हा मारली, नीट बसलेली असूनही. मग म्हणाल्या, "शेवटच्या आठवड्यात ती मला सांगत होती, छोट्या नीट जेवतो का बघ." आणि मग दोघंही रडले. लहानपणी रडत असतील तसे, नाक ओढत, लाज न बाळगता. मी दोन दगडांमधे अडकलेलीच होते. मला सोडवायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं, आणि माझी तक्रारही नव्हती.

नऊ किलोमीटर ते पायी उतरले. ताईंनी सगळ्या ओझ्यासकट मला ढकललं, औषधवाल्यांनी एका हातानं निळीला. लाकडाच्या वखारीवरच्या पहारेकऱ्यानं झोपायला जागा दिली. दुसऱ्या दिवशी सपाट रस्ता लागला. वखारीचा टेम्पो औषधवाल्यांना आणि निळीला घेऊन पुढं गेला, आणि ताई माझ्यावर बसल्या.

काय सांगू! आतापर्यंत कुणी बसलं की मला त्याचं अवघडलेपण कळायचं. ताई बसल्या आणि थोड्या वेळानं मी विसरूनच गेले की कुणी बसलंय. नुसता रस्ता होता.

मनगट बरं झाल्यावर औषधवाल्यांनी मधलं माप मागवलं आणि तीन आठवडे मुकाट्यानं वाट पाहिली. मी ताईंची झाले. नऊ वर्षं आम्ही चौघं हिंडलो, भाऊ-बहीण आणि आम्ही दोघी. ते भांडायचेसुद्धा, खणखणीत. तंबू कुठं लावायचा, मीठ कुणी विसरलं, वाट उजवीकडची की डावीकडची. ती भांडणं ऐकून मला फार बरं वाटायचं.

मग ताईंचा गुडघा दुखायला लागला. आधी चढ बंद झाले, मग उतार, मग सगळंच. मला दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांमागं उभं केलं. सुरुवातीला त्या रोज एक नजर टाकायच्या. पुढं माझ्या हँडलला एक अर्धवट ब्लाउज लटकला. मग काजं राहिलेला एक कोट, मग कुणीतरी न्यायलाच न आलेले दोन परकर. माणसांचं हे मला कधीच कळलं नाही. घरात सायकल असो वा व्यायामाचं यंत्र, काही दिवसांनी त्याची खुंटी होते. तीन वर्षं मी खुंटी होते. चाकातली हवा गेली, चेन गंजली, आणि सीटमधे एका उंदरीनं संसार थाटायचा बेत केला, तो ताईंनी वेळीच मोडला.

एका दुपारी एक बाई गणवेश आत घ्यायला आल्या. आरोग्यसेविका होत्या, नुकतीच डोंगराकडे बदली झालेली. ताई टेप लावत होत्या आणि बाई बोलत होत्या. अकरा वस्त्या, गाडीचा रस्ता तीन वस्त्यांपर्यंतच, बाकी पायवाट. लसींची पेटी खांद्यावर. बर्फ वितळायच्या आत पोचायला हवं, नाहीतर लस वाया आणि फेरीही वाया. गेल्या महिन्यात दोनदा अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागलं होतं.

ताईंनी माप वहीत टिपलं. पेन्सिल कानामागं ठेवली. मग उठून माझ्या हँडलवरचे कपडे एकेक करून उतरवले.

"सायकल येते?"

"येते. पण ही तुमची..."

"माझा गुडघा गेलाय. हिचे नाही गेले."

आरोग्यसेविका जवळ आल्या. त्यांनी माझ्या नळीवरून हात फिरवला, बोटाला धूळ लागली. ताईंनी फोन लावला. "छोट्या, दुकान बंद कर आणि पाने घेऊन ये. ब्रेकच्या तारा आण नवीन. नाही, वही नको."

ते आले. दोघांनी मिळून मला दुपारभर खोललं, पुसलं, तेल दिलं. पेटी कशी बांधायची यावरून त्यांचं कडाक्याचं वाजलं. शेवटी ताईंनी पेटीला बसेल असं एक जाड कवच शिवलं, आत कापूस भरून. निघताना त्यांनी मला मिठी वगैरे मारली नाही. फक्त एका सैल धाग्याचं टोक दिसलं त्यांना, ते दातानं तोडलं आणि म्हणाल्या, "जा आता."

गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोडून जाणं सोपं नसतं, विशेषतः तुम्ही स्वतः धडधाकट असताना. पण मी गेले. माझ्याजागी दुसरी कुणी असती तर तिनंही तेच केलं असतं.

आता मी अकरा वस्त्या फिरते. अंगावर पोपडे आलेत, एका जोडाला चीर गेली होती, ती खालच्या लोहारानं पाऊण तासात सांधली. वाटेतून परत फिरायची वेळ अजून आलेली नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरात एखादी माझी बहीण कपड्यांखाली उभी असेल, तर जरा तिच्याकडे बघा. तुम्हाला नको असेल तर जिला हवी आहे तिला द्या. आमचं आयुष्य फार मोठं असतं हो, ते एकाच माणसात संपवू नका.

माझं म्हणाल तर, तरुणपणी मला कुणी वळून बघत नव्हतं. आता बघा! वळणावर माझ्या मागच्या चाकाची टकटक ऐकू आली की सगळी वस्ती हलते. पोरं लाकडांमागं, पलंगाखाली, पाण्याच्या पिंपात. मागं एक सत्तरीच्या आजीबाईही गोठ्यात लपल्या होत्या, त्यांना सुई द्यायचीच नव्हती तरी.

चला, बाईंनी हेल्मेट चढवलं. आज वरच्या वस्तीत गोवराची लस आहे. लपायला लागा, पोरांनो, मी निघाले.